कबूल म्हणायचं, घरी जायचं

“मॅडम विचारतील, गुन्हा कबूल आहे का. मान वर ठेवायची आन् ‘कबूल’ म्हणायचं. मोठ्यानं म्हणायचं, पुटपुटायचं न्हाई. दंड भरायचा, कोपऱ्यावर चहा प्यायचा आन् घरी जायचं. ध्यानात आलं?”

बिरू मदनेने मान डोलावली. तो आमच्याच कॉलेजात आर्ट्सच्या पहिल्या वर्षाला होता, तोंडओळखीचा. आदल्या दिवशी एसटी स्टँडमागे दारू पिताना सापडला होता. त्याला पढवणारे हवालदार जगन्नाथ माने पोलीस ठाण्याचं कोर्टातलं काम बघायचे. आरोपींना नंबराप्रमाणे उभं करायचं, कागद पुढे सरकवायचे, पुढच्या तारखा टिपून घ्यायच्या. ते माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आणि बिरूनंतर त्यांना जे दोन आरोपी उभे करायचे होते, त्यांतला एक किसन लोहार होता आणि दुसरा मी.

कोर्टाच्या व्हरांड्यातल्या लांब बाकाच्या एका टोकाला आम्ही दोघं चिकटून बसलो होतो. अण्णांनी सकाळपासून आमच्याकडे बघितलं नव्हतं. नजर चुकवत होते असं नाही, आम्ही तिथे नव्हतोच असं त्यांचं चाललं होतं.

“तुझं वडील बोलणार हायेत का न्हाई आपल्याशी?” किसनने हळूच विचारलं.

“नंबर आल्यावर बोलतील.”

“राती घरी काय म्हणालं?”

“काय न्हाई. जेवले, हात धुतले आन् झोपले.”

“बरं हाय की मग.”

“बरं कसलं? त्यापेक्षा चार ठेवून दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.”

आदला दिवस गटारीचा होता. श्रावण लागला की महिनाभर मटण-मासे आणि दारू बंद, म्हणून आदल्या अमावास्येला सगळं उरकून घ्यायचं. आमच्या भागात ही गटारी देवळात कुणी साजरी करत नाही, पण पाळतात मात्र सगळे. आम्ही कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि आतापर्यंत आम्हाला त्यातलं फक्त मटण मिळालं होतं. या वर्षी पुढची पायरी चढायचं ठरलं. किसनने मामाच्या वेल्डिंगच्या दुकानातून लोखंडी शेगडी आणली, मी कोंबडी आणली, आणि कालव्याच्या कडेला बाभळीखाली भर दुपारी आम्ही पंगत मांडली. सोबत बिअर होती.

बिअर प्यायला आपल्याकडे एकवीस पूर्ण लागतात आणि वर सरकारचा परवाना लागतो, हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. दुकानावर पाटीच होती. पण त्या दुकानात ज्याला मिशी असेल तो वयात बसत असे, आणि किसनला मिशी होती. आम्हाला एकविसावं लागायलाही अवकाश होता.

पहिलीच बाटली दोघांत अर्धी झाली असेल, तोवर पोलिसांची गाडी कालव्याच्या रस्त्यावर येऊन थांबली. गटारीला पोलिसांची मोहीम असते, हे इतर कुणाला नाही तर मला तरी सुचायला हवं होतं. गाडीतून उतरलेल्या गुरव शिपायाने मला ओळखलं आणि त्याचाच चेहरा पडला. तो बाजूला गेला आणि त्याने अण्णांना फोन लावला. आम्हाला त्याचंच बोलणं ऐकू येत होतं. “व्हय, तुमचाच. न्हाई, जास्त न्हाई घेतलेली. मग काय करू? बघा, अजून कागद केला न्हाई.” मग बराच वेळ तो नुसता ऐकत राहिला. फोन खिशात टाकून परत आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “हवालदारसाहेब म्हणाले, बाकीच्यांना जे, ते त्याला. चल बस गाडीत.”

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हाला ओळीने तोंड उघडून ‘हा’ करायला लावलं, वास घेतला आणि लिहिलं की दारूचा वास येतो, बोलणं स्पष्ट, चाल सरळ. मग दंडातून रक्त काढून बाटल्यांवर लाखेचं सील मारलं. रक्ताचा रिपोर्ट यायला महिने लागतात. पण आरोपी कबूल म्हणाला तर रिपोर्टची वाट बघायचं कारणच उरत नाही. ठाण्यात जामिनावर सोडताना सांगितलं, उद्या सकाळी कोर्टात हजर राहा.

मला लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. पोलीस भरतीत माझं ग्राउंड झालं होतं, लेखी परीक्षा झाली होती आणि निवड यादीत नाव लागलं होतं. राहिली होती फक्त चारित्र्य पडताळणी. अण्णांनी गल्लीभर पेढे वाटले होते. आपला जुना पितळी बक्कल त्यांनी चिंच लावून घासला होता आणि देवाजवळ ठेवला होता, माझ्यासाठी. त्याच देवाजवळ आदल्या रात्री आई दिवा लावून बसली होती आणि तीही माझ्याशी बोलत नव्हती.

आतून पुकारा झाला. बिरू उठला आणि दारात चप्पल काढून आत गेला, देवळात जावं तसा. कोर्टात चप्पल चालते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. उघड्या दारातून आम्हाला आतलं दिसत होतं. मॅडम नव्याने बदलून आल्या होत्या. वयाने तरुण आणि आवाज शांत. त्यांनी वाचून दाखवलं आणि विचारलं, “गुन्हा कबूल आहे?”

बिरूने पिंजऱ्यातून अण्णांकडे बघितलं. अण्णांनी मान हलवली.

“कबूल,” बिरू इतक्या मोठ्याने म्हणाला की सरकारी वकील हसले.

“कोर्ट उठेपर्यंत साधी कैद आणि दंड.”

कैद म्हटल्यावर बिरूचं तोंड उतरलं. अण्णा त्याला दंडाला धरून मागच्या बाकाकडे घेऊन गेले. “घाबरू नको. हितंच बसायचं. संध्याकाळी कोर्ट उठलं की सुटलास.” बिरूच्या जिवात जीव आला. त्याने बाकावर बसून खिशातला रुमाल काढला आणि तोंड पुसलं.

‘माने हवालदारानं सोडवलं’ हे वाक्य मी कळायला लागल्यापासून ऐकत आलो होतो. आमच्या घरात सीताफळं कधी विकत आणल्याचं मला आठवत नाही. हंगामात पाट्याच्या पाट्या यायच्या. थंडीत हुरडा यायचा, काकवीचे तांबे यायचे, गावठी अंडी यायची. कुठल्या तरी वाडीचा माणूस उंबऱ्यात उभा राहायचा आणि म्हणायचा, साहेबांनी माझ्या पोराला सोडवलं. अण्णा लाच घेत नसत. कुणी नोटा पुढे केल्या तर त्याला घराबाहेर काढत. पण परड्यातल्या फळाला नको म्हणणं त्यांना उद्धटपणाचं वाटायचं. त्यांच्या हिशेबी यात वाईट काही नव्हतंच. कबुलीवर केस संपली की कोर्टाचं एक काम कमी होतं, ठाण्याच्या नावावर एक शिक्षा लागते आणि पोरगं संध्याकाळच्या गाडीने आईबापाकडे जातं. सगळ्यांचं भलं.

अण्णांकडे आणखी एक काम असे. नोकरीला लागणाऱ्या किंवा पासपोर्ट काढणाऱ्या पोरांची पडताळणी. मोटरसायकलवरून गावोगाव जायचं, चार घरी विचारायचं, ठाण्यातली नोंद बघायची आणि खाली शेरा मारायचा. एक तर गुन्हा नाही, किंवा शिक्षा झालेली आहे. दोन्ही कामं एकच माणूस करत होता, पण ती वेगवेगळ्या दिवशी व्हायची, आणि अण्णांनी एका दिवसाचं काम दुसऱ्या दिवसात कधी मिसळलं नव्हतं.

अण्णा बाहेर आले. त्यांच्या हातात आमचे कागद होते.

“किसन लोहार,” ते म्हणाले. किसन उभा राहिला. “मॅडम विचारतील, गुन्हा कबूल आहे का. मान वर ठेवायची आन् ‘कबूल’ म्हणायचं. मोठ्यानं म्हणायचं, पुटपुटायचं न्हाई. दंड भरायचा...”

सगळं वाक्य त्यांनी म्हटलं, चहासकट. किसन आमच्या घरी लहानपणापासून येत होता, आईच्या हातचं जेवत होता, पण त्यालाही त्यांनी ते बिरूला सांगितलं तसंच सांगितलं. मग ते माझ्यापुढे आले. सकाळपासून पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे लाल होते. रात्री झोपले होते असं मी म्हणालो खरं, पण ते झोपलेले नव्हते.

“सुयोग, तू नाकबूल म्हण,” ते खालच्या आवाजात म्हणाले.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

“काय म्हणू?”

“नाकबूल. तेवढंच बोलायचं. तारीख पडंल. पुढं वकील बघू आपण.”

“काका,” किसन म्हणाला, “ह्याला येगळं का?”

अण्णांनी टोपी काढली, आत बघितलं आणि परत घातली. “ह्याचं भरतीत नाव लागलंय. कबुली दिली की शिक्षा लागती. शिक्षा लागली की पडताळणीत बाद.”

“आन् माझं?”

“तुझी कुठं भरती हाय?”

“भरती न्हाई, पण पासपोर्टला अर्ज टाकलाय की. धाकटा मामा मस्कतला नेणार हाय मला. तुम्हीच आला हुता की चौकशीला, आमच्या घरी. आईनं तुम्हास्नी चहा दिला.”

अण्णांनी हातातले कागद सारखे केले.

“तुम्ही म्हणाला हुता, काळजी करू नको वहिनी, पोरगं सरळ हाय, मी गुन्हा न्हाई म्हणून लिवतो.”

“व्हय. म्हणालो हुतो.”

“मग आता काय लिवणार?”

किसनच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तो खरोखरच विचारत होता. पासपोर्टचं काय होईल ते त्याला कळत नव्हतं आणि ज्याला कळतं तो माणूस समोर उभा होता, एवढंच. त्याने चिडून विचारलं असतं तर अण्णांना उत्तर देणं सोपं गेलं असतं. ठाण्यात चिडलेल्या माणसांना गप्प करणं त्यांना चांगलं जमायचं.

आतून पुकारा झाला. आम्ही गेलो.

पिंजऱ्यात दोघांना शेजारी शेजारी उभं केलं. मॅडमनी वाचून दाखवलं, परवाना नसताना आणि कायद्याने ठरवलेलं वय पूर्ण नसताना दारू प्राशन केली, वगैरे. ऐकताना ते आम्ही केलंय असं वाटत नव्हतं. कोंबडीचा तर त्यात उल्लेखच नव्हता.

“आरोपी क्रमांक एक, किसन लोहार. गुन्हा कबूल आहे?”

किसनने अण्णांकडे बघितलं. त्या कोर्टात या प्रश्नाला प्रत्येक जण आधी अण्णांकडेच बघायचा, आणि अण्णा मान हलवायचे. त्या दिवशी अण्णांची मान हलली नाही. ते हातातल्या कागदांकडे बघत राहिले.

“मी तुम्हाला विचारतेय,” मॅडम म्हणाल्या. “हवालदारांना नाही.”

“काय म्हणू, काका?” किसनने भर कोर्टात विचारलं.

मागे कुणीतरी हसलं. मला वाटलं, अण्णा आता मान हलवणार, किसन कबूल म्हणणार, मग मी नाकबूल म्हणणार आणि हे सगळं त्याच्या शेजारी उभं राहून करावं लागणार. तसं झालं असतं तर मी काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही. तशी वेळ आली नाही.

“मॅडम, जरा बोलायचं होतं,” अण्णा म्हणाले.

“बोला.”

“ह्या आरोपीला कबूल म्हणजे काय ते माहीत नाही.”

“तुम्ही बाहेर समजावलं असेल ना?”

“समजावलं, पण अर्धं समजावलं.” अण्णा कोर्टात नेहमी शुद्ध बोलायचा प्रयत्न करत. ते इथपर्यंतच टिकलं. “मी त्याला म्हणालो, कबूल म्हण आन् घरी जा. त्याला शिक्षा म्हणत्यात, ती जल्मभर नावावर ऱ्हाती, पासपोर्टला आडवी येती, नोकरीला आडवी येती, ते सांगितलं न्हाई. दोन नंबरचा आरोपी माझा पोरगा हाय. त्याला तेवढं सांगितलं.”

सरकारी वकील उठून उभे राहिले होते. “माने, अहो काय बोलताय? तुम्ही कुणाच्या बाजूचे?”

“सरकारच्याच, साहेब.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “हवालदार, हे तुम्हाला आज कळलं?”

“न्हाई मॅडम. ठाऊक व्हतं. आज बोललो.”

मॅडमनी आमच्याकडे वळून सगळं पुन्हा, सावकाश सांगितलं. कबूल म्हटलं तर आत्ता शिक्षा होईल आणि तिची नोंद राहील. नाकबूल म्हटलं तर खटला चालेल, सरकारला पुरावा द्यावा लागेल, त्यात वेळ जाईल. वकील नसेल तर कोर्ट मोफत वकील देईल. घाई नाही, विचार करून सांगा. हे सांगायला त्यांना चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. सांगून झाल्यावर त्यांनी परत विचारलं.

“नाकबूल,” किसन म्हणाला.

“नाकबूल,” मी म्हणालो. माझा आवाज किसनपेक्षा खाली होता.

तारीख पडली. आम्ही पिंजऱ्यातून उतरलो, पण अण्णा जागचे हलले नव्हते.

“मॅडम, आणखी एक.”

“आता काय?”

“त्यो मागं बसलाय, मदने. त्याचं काय करता यील?”

आपलं नाव ऐकून बिरू मागच्या बाकावरून ताडकन उभा राहिला. त्याला वाटलं, काही चुकलं.

“तो हुकूम झाला, हवालदार,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज आता तितका शांत नव्हता. “त्याच्या कबुलीवर मी शिक्षा दिली. आता मला ती मागे घेता येत नाही.”

“बस रं बाळ,” अण्णा बिरूला म्हणाले. बिरू बसला.

आम्ही दोघं घरी गेलो नाही. कोर्टासमोर लिंबाखाली बसून राहिलो. संध्याकाळी कोर्ट उठलं, माणसं पांगली, आणि बिरू दारातून बाहेर आला. त्याची चप्पल सकाळपासून दारातच होती. त्याने ती पायात घातली आणि पायऱ्यांवर उभ्या असलेल्या अण्णांना हात जोडले.

“सुटलो, साहेब.”

“बिरू, थांब जरा. तुला एक सांगायचं हाय.”

“गाडी जाईल, साहेब. आमच्या गावाला ही शेवटचीच असती.” बोलता बोलता तो पायऱ्या उतरलाही होता. फाटकाबाहेर जाऊन त्याने मागे वळून पुन्हा एकदा हात जोडले आणि स्टँडच्या दिशेने पळत सुटला. अण्णा तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “किसनला घरी सोडून ये. त्याच्या आईला मी उद्या भेटतो.”

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. अण्णांना लेखी खुलासा मागितला गेला आणि त्यांची बदली जिल्ह्याला, मुख्यालयात पहाऱ्याच्या कामावर झाली. शस्त्रांच्या कोठाराबाहेर उभं राहायचं. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. गावात बोलणं झालं की माने हवालदारानं पोराला वाचवायला भर कोर्टात तमाशा केला. त्यांच्या जागी आलेला हवालदार आरोपींना काही सांगत नसे, मॅडमच सगळ्यांना सावकाश समजावत, आणि केसेस लांबायला लागल्या. तेव्हा लोक म्हणायला लागले, मान्यांच्या वेळी बरं होतं, त्याच दिवशी मोकळं होत होतं माणूस. पुढच्या हंगामात आमच्याकडे सीताफळं आली नाहीत. आईने पहिल्यांदा बाजारातून आणली आणि केवढी महाग असतात म्हणून दिवसभर बोलत राहिली.

आमचा खटला रखडत चालला. रक्ताचे रिपोर्ट आले, दोघांचंही प्रमाण मर्यादेच्या आत होतं. पंच एकदाही फिरकले नाहीत. शेवटी दोघंही निर्दोष सुटलो. तोपर्यंत खटला चालू असल्याने माझं नाव भरतीतून गेलं होतं. नंतर दोनदा प्रयत्न केला, पण पहिल्यासारखं धावणं जमलं नाही. मी अण्णांवर बरीच वर्षं चिडून होतो. भरतीतून नाव गेलं म्हणून नाही, ते माझंच केलेलं होतं. पण ज्या खाकीत मला जायचं होतं, तिच्यात त्यांनी शेवटची वर्षं पहाऱ्यावर काढली, याचा राग यायचा. आता मी भरतीची अकॅडमी चालवतो. पहाटे पोरं मैदानाला फेऱ्या मारतात आणि मी शिट्टी वाजवतो. किसन मस्कतला वेल्डर आहे. सुट्टीवर आला की आधी आमच्याकडे येतो, अण्णांसाठी खजूर घेऊन. अण्णा तो खातात.

गेल्या दसऱ्यानंतरची गोष्ट. मी अकॅडमीतून येऊन ओट्यावर बूट काढत होतो. अण्णा भिंतीला पाठ लावून उन्हात उभे होते. गुडघे दुखतात म्हणून हल्ली ते फार बसत नाहीत. एक टेम्पो दारासमोर थांबला. त्यातून एक माणूस उतरला आणि सीताफळांची पाटी खांद्यावर घेऊन आला. केस थोडे पिकलेले. मी ओळखलं नाही. अण्णांनी ओळखलं.

“बिरू मदने,” ते म्हणाले.

त्याला एवढा आनंद झाला की पाटी खाली ठेवायचंच तो विसरला. “साहेब, तुमच्या ध्यानात हाय? इकडनं चाललो हुतो, म्हटलं घरची सीताफळं हायेत, साहेबांस्नी देऊन जावं. लई वर्षं मनात हुतं.”

“ठेव ती खाली. काय करतोस आता?”

“हा टेम्पो चालवतो. मालकाचा हाय, पण बरं हाय. वनरक्षकाच्या भरतीत दोनदा नाव लागलं हुतं बघा माझं. दोन्ही टायमाला कागदात आडाकलं.”

“कुठल्या कागदात?”

“काय की. चौकशीत काय तरी निघालं म्हणाले. मी काय लई खोलात शिरलो न्हाई. नशिबात नव्हतं, दुसरं काय.”

मी बुटाची नाडी हातात धरून बसलो होतो. अण्णांनी पाटीकडे बघितलं.

“नशीब न्हवतं ते, बिरू,” ते म्हणाले. “मी व्हतो.”

बिरूला कळलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, मग हसला. “काय चेष्टा करताय साहेब गरिबाची. तुम्ही नसता तर त्या दिवशी मी आत गेलो असतो. माझी आय अजून तुमचं नाव घेती.”

“बिरू, ऐक. त्या दिवशी मी तुला...”

पण बिरू पाया पडायला वाकला होता. अण्णांनी पाय मागे घेतले, पण मागे भिंत होती. बिरूने दोन्ही हातांनी ते धरले आणि त्यांच्यावर डोकं टेकवलं.